खेळ रायला, निकाल लोझानला

फुटबॉलचा मोसम तोंडावर आला की क्रीडा पानावर एक ठरावीक मजकूर येतो. अमक्याचा बचाव भक्कम, तमक्याची मधली फळी कोवळी, नवा परदेशी स्ट्रायकर चालला तर पहिल्या तिघांत, नाही चालला तर प्रशिक्षकाची गच्छंती. यंदा तो मजकूर या सदरात लिहा, असा आग्रह झाला. संघ मडगावचा, चर्चिल ब्रदर्स. स्पर्धा आय-लीग, म्हणजे देशातली दुसऱ्या पायरीची.

लिहितो की. अडचण एवढीच आहे की मोसम तोंडावर आलेला नाही. 2025 चा नोव्हेंबर अर्धा संपला. गेल्या वर्षी याच महिन्याच्या 22 तारखेला आय-लीगची पहिली शिट्टी वाजली होती. यंदा वेळापत्रक सोडाच, पैसा कोण घालणार हेही ठरलेलं नाही. इकडे भाताची कापणी उरकली, शेतं मोकळी झाली, गावोगावच्या पोरांनी त्यात बांबूचे गोलपोस्ट रोवले. कुठल्या वाड्याचा सामना कुठल्या वाड्याशी आणि किती वाजता, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही तोंडपाठ असतं. दिल्लीच्या महासंघानं एखादा अभ्यासदौरा इकडे काढायला हरकत नाही. जेवणाची सोय गाव करील.

तर चर्चिलचं भवितव्य. ते सांगण्याआधी त्यांचं भूत सांगावं लागेल, कारण ते अजून उतरलेलं नाही.

गेल्या आय-लीगमध्ये बारा संघ होते, प्रत्येकाचे 22 सामने. शेवटची फेरी 6 एप्रिलला. श्रीनगरात चर्चिलनं रिअल काश्मीरशी 1-1 बरोबरी साधली आणि गुण झाले 40. कोळिकोडला गोकुलम केरळ संघ करंडकाच्या वासावर होता, त्याला धेंपोनं 4-3 असं लोळवलं. धेंपो आपलेच, गोव्याचेच. एरवी चर्चिलवाले आणि धेंपोवाले एकमेकांच्या पराभवावर जेवण गोड करून घेतात. त्या दिवशी एकानं दुसऱ्याच्या गळ्यात हार घातला, तोही स्वतःला कळायच्या आत. इंटर काशीनं राजस्थान युनायटेडला 3-1 हरवलं, पण त्यांचे गुण झाले 39. चाळीस हे एकोणचाळीसपेक्षा एकानं जास्त असतात. पहिलीतलं पोर सांगेल. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाला हे जाहीर करायला तेरा दिवस लागले.

कारण जानेवारीतला एक सामना एप्रिल उजाडला तरी संपलेला नव्हता. 13 जानेवारीला पंजाबातल्या भैणी साहिबला नामधारी संघानं इंटर काशीला 2-0 हरवलं. नामधारीकडून खेळला क्लेडसन कार्व्हाल्यो दा सिल्वा. नाव वाचून कुणीही गोवेकर त्याला कुडतरीचा समजेल, पण गडी ब्राझीलचा. त्याची चार पिवळी कार्डं झालेली होती आणि चार झाली की पुढचा सामना बाहेर बसायचं, असा नियम. तो बाहेर बसला नाही. काशीनं तक्रार केली. शिस्तपालन समितीनं सामना 3-0 असा काशीला देऊन टाकला. नामधारीनं अपील केलं. अपील समितीनं आधी स्थगिती दिली आणि मग 18 एप्रिलला तो निर्णयच फिरवला.

18 एप्रिल म्हणजे गुड फ्रायडे. दुसऱ्या दिवशी चर्चिल विजेते जाहीर झाले आणि तिसऱ्या दिवशी ईस्टर. मडगावच्या सासष्टी तालुक्यातल्या संघाला याहून चांगला मुहूर्त खुद्द बिशपांनाही काढून देता आला नसता. 27 एप्रिलच्या रविवारी गोव्यात करंडक दिला, पदकं घातली, फोटो झाले. त्याच रविवारी स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या क्रीडा लवादाकडून फर्मान आलं, की सोहळा करू नका. आपल्याकडे सोहळे थांबत नसतात. आमंत्रणं गेलेली असतात.

जूनमध्ये लवादानं नामधारी सामन्याचे तीन गुण काशीच्या पदरात टाकले. काशी 42, चर्चिल 40. तरी एक फाटा शिल्लक होता. काशीनं मारिओ बार्को नावाचा स्पॅनिश खेळाडू आधी नोंदवला, मग वगळला, मग परत नोंदवला. हे नियमात बसत नाही, असं महासंघाच्या समितीचं मत पडलं. बसतं, असं लवाद म्हणाला. 18 जुलैला निकाल लागला आणि इंटर काशी विजेते झाले. चर्चिलचं विजेतेपद बरोबर तीन महिने टिकलं, एक दिवस कमी.

तीन महिने थोडे म्हणू नका. क्लबाला ज्यांचं नाव आहे ते चर्चिल आलेमाव 1990 साली गोव्याचे मुख्यमंत्री झाले होते आणि ती खुर्ची तीन आठवडेही टिकली नव्हती. त्या मानानं प्रगती आहे.

आता प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगतो. मडगावात मोठ्यानं बोलणार नाही. काशीची बाजू कायद्यात बसते. बाहेर बसायचा खेळाडू मैदानात उतरला तर सामना समोरच्याला जातो. हा नियम फुटबॉलइतकाच जुना नसेल, पण भैणी साहिबच्या त्या सामन्याहून नक्की जुना आहे. चर्चिलनं यात कुणाचं काही चोरलेलं नाही, काशीनंही नाही. दोघं बिचारे खेळून मोकळे झाले होते. जो हिशेब जानेवारीतच एका बैठकीत मिटला असता, तो चहाच्या पाच फेऱ्या झाल्या तरी मिटेना, म्हणून जिनिव्हाच्या तळ्याकाठी गेला. पंजाबच्या गावातला सामना, ब्राझीलचा खेळाडू, गोव्याचा दावेदार, आणि काशीचा संघ. तो तरी काशीचा म्हणावा का? त्याचं घरचं मैदान बंगालात, कल्याणीला. काशीस जावे नित्य वदावे म्हणतात. हा क्लबही नित्य वदतो आणि रेल्वे धरून कल्याणीला जातो.

राय गावात माझ्या ओळखीचे एक जुने पाठीराखे आहेत. गेल्या मोसमात चर्चिलचे घरचे सामने रायच्या पंचायत मैदानावर झाले, तेव्हा दुपारच्या उन्हात डोक्यावर रुमाल टाकून ते बसलेले असत. गुणतक्ता ते खिशातल्या डायरीत स्वतः मांडतात. छापील तक्त्यावर त्यांचा विश्वास नाही, आणि आता तर कुणाचाच नसावा. परवा त्यांनी ते पान दाखवलं. बाकी अकरा संघांचे आकडे निळ्या पेनानं ठसठशीत. इंटर काशीच्या पुढे मात्र पेन्सिल. 39 खोडून 42, 42 खोडून 39, परत 42. खोडरबर फिरवून फिरवून कागद तिथं इतका पातळ झालाय की पलीकडच्या पानावरचा गॅस सिलिंडरचा हिशेब आरपार दिसतो.

‘‘बाब, यंदा चर्चिलचं काय होणार?’’ मी विचारलं.

‘‘कसलं यंदा, पात्रांव? आधी गेल्या वर्षीचं संपूं दे.’’

‘‘ते संपलं ना जुलैत.’’

त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली. ‘‘पेनान बरय म्हण सांगतलो काय तू?’’ म्हणजे पेनानं लिहू का, एवढं तू सांगतोस का? मी नाही सांगितलं. मी सदर लिहितो, हमीपत्र लिहीत नाही.

या क्लबाच्या बाबतीत भविष्य वर्तवणाऱ्यांची फजिती नवी नाही. 2012-13 ला ते आय-लीगचे विजेते. जानेवारी 2014 मध्ये फेडरेशन कप जिंकले आणि त्याच मोसमात आय-लीगच्या तळाशी जाऊन बसले. करंडक हातात आणि पाय चिखलात, हे एकाच वर्षी जमवणारे क्लब जगात कमी असतील. पुढच्या मोसमात ते आय-लीगमध्ये दिसलेच नाहीत. 2016-17 ला परत आले. 2017-18 ला घसरले, आणि घसरूनही पुढच्या मोसमात त्याच जागी हजर होते, कारण महासंघानं त्यांना पुन्हा आत घेतलं. 2020-21 ला गोकुलमच्या बरोबरीनं 29 गुण मिळवले आणि आपसातल्या सामन्यांच्या हिशेबात करंडक गेला. आणि 2024-25 तुम्ही वर वाचलंत. म्हणजे चर्चिलला मैदानात हरवणं अवघड नाही, पण तेवढ्यानं भागत नाही, आणि त्यांनी मैदानात जिंकणं कठीण नाही, पण तेवढ्यानंही भागत नाही.

मोठ्या गमजा मारण्याचा हक्क मात्र या किनाऱ्याला आहे. 2007-08 ला आय-लीग सुरू झाली, तेव्हापासून पहिली सहाच्या सहा विजेतेपदं गोव्यात आली. धेंपो, चर्चिल, धेंपो, साळगावकर, धेंपो, चर्चिल. राज्याची लोकसंख्या जेमतेम पंधरा लाख, म्हणजे मुंबईच्या एका मोठ्या उपनगराची. कोलकात्याचे दिग्गज सहा वर्षं टाळ्या वाजवत बसले. 2014 ला आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग आली, फटाके आले, सिनेनट आले, क्रिकेटपटू मालक आले, आणि गुणवत्ता यादीत नवीन रकाना आला, फ्रँचायझी शुल्काचा. 2016 ला महासंघाचा नवा आराखडा पाहून साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग या तिघांनी आय-लीगला रामराम केला. तेव्हा चर्चिल परत फिरून आत शिरले. यात हट्ट किती, हिशेब किती आणि फुटबॉलचं वेड किती, हे आलेमाव कुटुंबालाच ठाऊक. पण तो एक क्लब उरला म्हणून राष्ट्रीय पातळीच्या दुसऱ्या पायरीवर गोव्याचा झेंडा उभा राहिला, हे धेंपोवाल्यांनीही कबूल करावं. ते करणार नाहीत. त्यांची पाच राष्ट्रीय विजेतेपदं आहेत आणि ती ते जेवणाआधी मोजतात.

आता वरच्या पायरीकडे जाऊ. 2022-23 पासून आय-लीग जिंकणारा वर आयएसएलमध्ये जातो. आधी पंजाब गेला, मग मोहमेडन, आणि लवादाच्या कृपेनं काशी. वर जायची शिडी आहे. खाली यायची नाही. 2023-24 ला हैदराबादनं 22 सामन्यांत एक जिंकला आणि आठ गुण मिळवले. कुठल्याही देशात असा संघ पुढच्या मोसमात खालच्या लीगमध्ये दिसतो. हैदराबाद पुढच्या मोसमातही आयएसएलमध्येच होता, आणि आता गेल्या महिन्यात नाव बदलून दिल्लीचा झाला. भारतीय फुटबॉलमध्ये खाली जाण्यापेक्षा उत्तरेला जाणं सोपं.

सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबरच्या 19 तारखेला महासंघाच्या नव्या घटनेवर शिक्कामोर्तब केलं. तीत सर्वोच्च लीगमध्ये चढ आणि उतार दोन्ही हवेत, अशी व्यवस्था आहे. छान. घटनेत लिहिलेल्या गोष्टी आपल्याकडे कशा पाळल्या जातात, याबद्दल मी या सदरात काही लिहिणार नाही. मला पुढच्या आठवड्यातही लिहायचंय.

आणि समजा चर्चिलला जुलैत न्याय मिळाला असता, करंडक त्यांच्याकडेच राहिला असता, आयएसएलची दारं उघडली असती, तर? तर काय झालं असतं, ते बघा. आयएसएलचे हक्क ज्या कंपनीकडे आहेत तिच्याशी महासंघाचा 2010 चा पंधरा वर्षांचा करार येत्या 8 डिसेंबरला संपतोय. नवा होत नाही म्हणून कंपनीनं 11 जुलैला मोसम स्थगित केला. म्हणजे लवादाच्या निकालाच्या एक आठवडा आधी! ज्या कदंबच्या गाडीत खिडकीची जागा कुणाची यावरून दोन प्रवासी लोझानपर्यंत भांडले, ती गाडी डेपोतून सुटलीच नव्हती. ड्रायव्हर नाही, डिझेल नाही, आणि निकाल लागला तेव्हा काशीवाले रुमाल टाकून बसलेत.

मग महासंघानं निविदा काढली. वर्षाला किमान साडेसदतीस कोटी रुपये किंवा उत्पन्नाचे पाच टक्के, जे जास्त असेल ते द्या आणि लीग चालवा. बोली तपासायला माजी न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. 7 नोव्हेंबरला मुदत संपली. चौकशी करून गेलेले होते, बोली एकाचीही नाही. न्यायमूर्तींचं काम हलकं झालं, एवढाच काय तो त्यातला फायदा. ऑगस्टमध्येच बेंगळुरूनं पगार थांबवले होते, चेन्नईयिननं कामकाज थांबवलं होतं. वरची पायरी अशी आहे. तिथं चढता आलं नाही म्हणून सासष्टी रडली.

फातोर्ड्याच्या स्टेडियममध्ये मात्र दिवाळी चालू होती. 22 ऑक्टोबरला आशियाई स्पर्धेत एफसी गोवा विरुद्ध सौदीचा अल नासर. रोनाल्डो येणार म्हणून अर्ध्या महाराष्ट्रानं रेल्वेची तिकिटं बघितली. रोनाल्डो आला नाही. अल नासर 2-1 जिंकला, पण गोव्याचा गोल ब्रायसन फर्नांडिसनं केला, हे मी नातवंडांना सांगणार आहे. त्यानंतर तीनच दिवसांनी सुपर कप सुरू झाला आणि आय-लीगमधल्या धेंपोनं ईस्ट बंगालला 2-2 असं रोखलं, पुढच्या सामन्यात मोहन बागानला 0-0 असं. कोलकात्याचे दोन्ही वाघ, वरच्या लीगचे, कोट्यवधींचे. खालच्या लीगच्या संघानं दोघांनाही जिंकू दिलं नाही. पायऱ्या कागदावर असतात. गवतावर अंतर फार थोडं आहे.

याच कारणानं चर्चिलबद्दल मी निराश नाही. फुटबॉलपुरतं बोलायचं तर. मोसम झालाच, तर हा संघ पहिल्या चारांत असेल, असं माझं मत आहे आणि ते मी पेनानं लिहितो. सासष्टीत गावागणिक मैदान आहे, मैदानागणिक एक डावखुरा आहे, आणि आखातात किंवा जहाजावर नोकरीला जाण्याआधी त्यातले दोन-चार चर्चिलची जर्सी घालून जातातच. अडचण त्यांचीच आहे. फुटबॉलपटूचे चांगले मोसम आठ-दहा. त्यातला एक समितीत गेला, एक लवादात गेला, एक निविदेत गेला. जहाजाची कंपनी पुढच्या निकालापर्यंत थांबत नाही. तिथं तारीख पे तारीख नसते, तारखेला जहाज सुटतं. मोसम कधी, या प्रश्नाचं उत्तर न मिळालेल्या पोरांना आई विचारते, मग जहाजावर जायची सीडीसी काढून ठेवायची का? या प्रश्नाला महासंघाच्या कुठल्याही समितीकडे स्थगिती मिळत नाही.

आणि महासंघ परका आहे म्हणावं, तर तेही नाही. क्लबच्या मुख्य कार्यकारी वालंका आलेमाव, चर्चिलबाबांची कन्या, स्वतः महासंघाच्या कार्यकारिणीवर आहेत. घरचं माणूस आत असतानाही दार लोझानलाच उघडतं, तर बाहेरच्यांनी कुठं काशी घालायची?

तरी भवितव्याचा मजकूर मागितलाय, तेव्हा रीतसर गरजा लिहून देतो. संघाला एक उंच सेंटर-बॅक हवा. उजवीकडून पळणारा एक विंगर हवा, गोलसमोर डोकं थंड ठेवणारा एक स्ट्रायकर हवा, तो परदेशी असला तर एकदाच नोंदवावा आणि मग हात लावू नये. कार्डं मोजायला एक स्वतंत्र माणूस पगारावर ठेवावा, आपली आणि समोरच्याचीही. रायच्या बाबांना विचारून बघा, डायरी तयार आहे. राहता राहिला वकील. लोझानच्या लवादात इंग्रजी चालतं, पण फ्रेंचही चालतं, आणि गाव फ्रेंच बोलणाऱ्यांचं. मडगावच्या कोर्टाबाहेर पोर्तुगीज कागद वाचणारे म्हातारे वकील अजून मिळतात. फ्रेंचवाला फ्री ट्रान्सफरवर मिळतो का बघा, जानेवारीची खिडकी बंद व्हायच्या आत.